संकेतस्थळाचा पुनर्विकास : मजकूर तोच राहतो का?



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारले, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने वेबसाइटवर काय बोलायचे? प्रश्न रास्त आहे. पण जुनी वेबसाइट आजच्या मानकांप्रमाणे पुन्हा बांधायला घेतली, की पहिल्याच दिवशी एक प्रश्न समोर येतो. सगळे नवे बांधून झाल्यावर मजकूर मात्र तोच राहिला, हे कशावरून म्हणायचे? हा प्रश्न संगणकाच्या फार आधीपासून आमच्या विषयाचा आहे. आणि मराठीपुरता तो इतिहासाचाही आहे. कारण १९९५ नंतरच्या दहाएक वर्षांत आपल्या लोकांनी वेबवर जे मराठी लिहिले, त्यातले बरेचसे आज साध्या ब्राउझरमध्ये उघडले तर वाचता येत नाही. भाषा आपलीच, वाचणारे आपणच, आणि समोर मात्र रोमन अक्षरांची खिचडी.

पुनर्विकास हा शब्द वर्तकनगरात समजावून सांगायला नको. म्हाडाच्या जुन्या इमारती, त्यांच्या सभा, संक्रमण शिबिर, सगळे आपल्या ओळखीचे आहे. इमारत नवी होते, पण राहणारी माणसे तीच असावी लागतात, कोणाची खोली कुठली हे ठरलेले असावे लागते आणि पत्ता हरवून चालत नाही. वेबसाइटचेही तसेच असते. तिथे मजकूर, त्याची रचना आणि पत्ता या तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. आज याच क्रमाने जाऊ. मजकुराला वेळ जास्त लागेल, कारण आपली खरी पंचाईत तिथेच झाली.

जागा २५६, आकृत्या कितीतरी

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून ‘मायबोली’ सुरू झाली. मग घरगुती संकेतस्थळे निघू लागली. कोणी कविता चढवल्या, कोणी कुलवृत्तांत, कोणी आपल्या गावाची माहिती. जिओसिटीजसारख्या ठिकाणी जागा फुकट मिळत असे. आम्हीही २००१ साली भारतीय दर्शनांवरची वर्गातली टिपणे, पस्तीसेक पाने, अशीच वेबवर ठेवली. आज उदाहरणे देताना त्याच पानांचा उपयोग होईल.

अडचण होती ती अक्षरांची. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक आकडा. ६५ म्हणजे रोमनमधला मोठा ए, ६६ म्हणजे बी. इंग्रजीसाठी केलेला मूळ तक्ता १२८ जागांचा, तो वाढवून २५६ जागांचा झाला. त्यात देवनागरीला जागा नव्हती. मग फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. आकडा रोमन अक्षराचाच ठेवायचा आणि फॉन्टमध्ये त्या आकड्यापुढे मराठी आकृती काढून ठेवायची. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, किरण, कृतिदेव, ही सगळी नावे तुम्हांला डीटीपीवाल्यांकडे ऐकल्याची आठवत असतील. फाइलमध्ये साठवले जाई ते रोमन, पडद्यावर दिसे ते मराठी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पान उघडले, की मुखवटा गळून पडे. त्यातून प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. एकात ज्या आकड्यावर ‘क’, दुसऱ्यात त्याच आकड्यावर भलतेच काही. म्हणून त्या काळच्या मराठी पानांवर वरच सूचना असे, की आधी अमुक फॉन्ट उतरवून घ्या.

१९९७च्या सुमारास पानाबरोबरच फॉन्ट पाठवायची सोय निघाली. पण नेटस्केपची पद्धत वेगळी आणि मायक्रोसॉफ्टची वेगळी. एकीसाठी केलेले पान दुसरीकडे दिसेना.

या युक्तीला आज हसणे सोपे आहे. पण ती एका जुन्या परंपरेतली होती. रोमन लिपीसाठी बनवलेले यंत्र आपल्याकडे आले, की देवनागरीला त्यात अंग चोरून बसावे लागते. छापखान्यात जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई. टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी ती कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी लिपिसुधारणा सुचवली, त्यात ‘इ’ऐवजी ‘अि’ लिहिले जाई, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती वापरूनही पाहिली. पुढे टंकलेखन यंत्रानेही तीच तडजोड करायला लावली. तेव्हा फॉन्टवाल्यांनी केले ते त्यांच्या आधीच्या लोकांनी केले तसेच होते.

मात्र एक फरक आहे आणि तो फार मोठा आहे. छापखान्यातले खिळे वितळवले तरी छापलेले पान उरते. खिळा हे साधन, आणि कागदावर उमटलेले ते फलित. वेबवर असे नसते. तिथे पान प्रत्येक वाचकाकडे नव्याने छापले जाते. म्हणजे खिळे लेखकाकडे असून भागत नाही, ते वाचकाकडे असावे लागतात. लेखकाने वापरलेला फॉन्ट वीस वर्षांनी वाचकाकडे असेल, याची हमी कोण देणार?

मोडीची आठवण इथे येतेच. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली, आणि मराठी उत्तम येणाऱ्या माणसाला आपल्याच पणजोबांचा कागद वाचता येईनासा झाला. पण मोडीचे जाणकार आज आहेत, ती शिकवणारे वर्ग आहेत. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला स्वतंत्र जागाही मिळाली. ‘शिवाजी’ फॉन्टमधली फाइल वाचायला शिकवणारा वर्ग मात्र निघणार नाही. ती माणसाने वाचायची लिपीच नव्हे, तो नुसता आकड्यांचा संकेत होता.

मानक होते, पण घरात नव्हते

आता कोणी म्हणेल, त्या वेळी मानक नव्हते म्हणून हे झाले. इतिहास तसा नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतपद्धत तयार होती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. १९८८ मध्ये इस्कीचा एक मसुदा आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मान्यता दिली. त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ जागा दिल्या गेल्या आणि त्यांची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतलेली होती. म्हणजे वेबवर पहिले मराठी पान चढायच्या आधी मानक छापून तयार होते.

मग अडले कुठे? कागदावरचे मानक आणि घरातला संगणक यांच्यामध्ये अडले. युनिकोडमध्ये लिहिलेली देवनागरी दाखवायची तर संगणकाला जोडाक्षरे जुळवता यायला हवीत, वेलांटी योग्य जागी नेता यायला हवी. तेव्हा घराघरांत असलेल्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ती सोय नव्हती. विंडोज २००० पासून ती आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट आला. तो केला होता प्रा. र. कृ. जोशी यांनी. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत अक्षरांचा अभ्यास शिकवलेले आणि पुढे एनसीएसटी या संस्थेत काम केलेले हे गृहस्थ. फॉन्टला त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीचे नाव दिले. देशभर कोट्यवधी लोकांनी ‘मंगल’मध्ये अर्ज केले, पत्रे लिहिली. ते नाव कुठून आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मानक रुजले ते असे. आधी तज्ज्ञांनी ते ठरवले. मग वाचकाला काहीही न करता ते त्याच्या यंत्रात आपसूक पोचले. आणि त्यानंतर लेखक त्याच्यावर विसंबून लिहू लागले. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला तो युनिकोडमध्येच.

तरी सगळे एकदम जुळले नाही. मराठीला लागणारा ‘ॲ’ घ्या. बॅट, कॅप हे आधीपासून लिहिता येत होते. पण ‘ॲडमिशन’मधला पहिला स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली, तीत हा ‘ॲ’ आहे. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र जोडत, नाहीतर हिंदीसाठीचा ‘ऍ’ वापरत. त्यामुळे युनिकोडमधल्या जुन्या पानांतही एकाच शब्दाची दोन-तीन रूपे सापडतात. डोळ्यांना ती जवळजवळ सारखी दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगवेगळे शब्द वाटतात.

वर्ण आणि आकृती

इथे थोडा वेळ आमच्या विषयात शिरू द्या.

युनिकोडचे एक मूलतत्त्व आहे. आकडा द्यायचा तो वर्णाला, आकृतीला नव्हे. ‘क’ गोल काढा, चौकोनी काढा, जाड काढा, आकडा एकच. ‘क्त’ हे जोडाक्षर जुन्या वळणाने काढा की नव्या, साठवायचे ते क, हलन्त आणि त. दिसायचे कसे, ते फॉन्ट पाहून घेईल.

हे ऐकून मीमांसक मनात हसले असते. तुम्ही ‘ग’ म्हणा, मी ‘ग’ म्हणतो, लहान मूल बोबडा ‘ग’ म्हणते. ध्वनी तीन, पण आपण म्हणतो, तोच ‘ग’. मीमांसकांचे म्हणणे असे, की वर्ण नित्य आणि एकच असतो, ध्वनी त्याला फक्त प्रकट करतात. नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते प्रत्येक उच्चार वेगळा, उत्पन्न होणारा आणि नाश पावणारा. ‘तोच’ असे वाटते ते जातीमुळे, म्हणजे गत्वामुळे. हा वाद शतकानुशतके चालला. तो सोडवायला आपण इथे जमलेलो नाही. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती, की उच्चाराच्या पलीकडे काहीतरी धरल्याशिवाय ‘तोच वर्ण’ असे म्हणता येत नाही.

जुन्या फॉन्टांनी नेमके हेच सोडून दिले होते. त्यांच्यापाशी वर्ण नव्हतेच, फक्त आकृतींचे तुकडे होते. काही फॉन्टांत ‘ण’ हे एक अक्षरच नाही. डावीकडचा अर्धा भाग वेगळा आणि पुढे एक काना. ‘बाण’ लिहिताना ‘बा’मधला काना आणि ‘ण’ पूर्ण करणारी उभी रेघ, दोन्हींचा आकडा एकच. माणूस वाचताना फरक आपोआप करतो. यंत्राला कसे कळावे, की ही रेघ स्वर आहे आणि ती रेघ व्यंजनाचा पाय आहे?

आचार्य आणि आचारी

जुन्या पानांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे म्हणजे या तुकड्यांतून वर्ण परत मिळवणे. त्यासाठी रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत. एक तक्ता असतो, अमुक आकडा आला तर अमुक वर्ण ठेवायचा. तक्ता साधा असता तर काम एका दुपारचे होते. पण तीन ठिकाणी नेहमी अडते.

पहिली अडचण ऱ्हस्व वेलांटीची. ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फॉन्टांत ती आधी आणि ‘क’ नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम धरतात, आधी ‘क’ आणि मग इकार. म्हणजे प्रत्येक पहिली वेलांटी उचलून व्यंजनापलीकडे न्यायची. ‘स्थिती’सारख्या शब्दात ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यायला हवी.

दुसरी अडचण रफाराची, आणि ती बरोबर उलटी. ‘धर्म’मध्ये रफार शेवटी दिसतो, तसाच तो साठवलेला असतो. उच्चारात ‘र’ आधी येतो, म्हणून त्याला मागे न्यायचे.

तिसरी अडचण खास मराठीची. आपल्याकडे ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ हे दोन वेगळे आहेत. ‘आचार्यांना बोलावले’ म्हणजे गुरुजींना बोलावले. ‘आचाऱ्यांना बोलावले’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेला तक्ता असला, तर त्यात हा भेदच नसतो. आमच्या पानांपैकी एकात अन्नसत्राचा उल्लेख होता. रूपांतरानंतर पाहतो तो तिथले सगळे आचारी एका रात्रीत आचार्य झालेले! हसण्यासारखे आहे खरे. पण शंकराचार्य, रामानुजाचार्य, मध्वाचार्य यांच्यावरच्या पानांत असे उलटे झाले असते, तर हसू आले नसते.

म्हणून यंत्राने केलेले रूपांतर माणसाने वाचून काढावे लागते, ओळ न् ओळ. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने प्रोग्राम चालवला आणि आम्ही दोघांनी मिळून पस्तीस पाने जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहिली. प्रोग्रामचे काम काही मिनिटांचे होते. ताडून पाहायला सात आठवडे लागले.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरांना जाऊन तोवर जवळपास तीनशे वर्षे झाली होती. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले होते, कोणी भर घातली होती. नाथ स्वतः समर्थ कवी होते. त्यांना एखादी ओवी अधिक सुंदर करणे अशक्य नव्हते. पण त्यांनी पाठ शोधला, स्वतःचे घातले नाही, आणि पुढच्यांनाही तसे न करण्याबद्दल बजावून ठेवले. संकेतस्थळ नव्याने बांधताना हा मोह फार होतो बरं का! पान उघडलेच आहे, तर हे वाक्य जरा सुधारू, ते मत आता पटत नाही, काढून टाकू. सुधारायला आमची हरकत नाही. मात्र दोन कामे वेगळी ठेवावीत. आधी होते तसे उतरवावे आणि त्यावर मूळ तारीख घालावी. नंतर जी दुरुस्ती कराल तिच्यावर नवी तारीख घालावी. नाहीतर वीस वर्षांपूर्वी आपण काय म्हणत होतो, हे आपले आपल्यालाच कळणार नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मजकुराचा एकही आकडा पूर्वीचा उरला नाही. फॉन्ट गेला, क्रम बदलला. तरी मजकूर तोच, हे कशावरून? ‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला रथाबद्दल विचारतो, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. आणि दिव्याच्या ज्योतीचा दाखला देतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात तीच असते का? तीच नसते आणि वेगळीही म्हणता येत नाही, एक सातत्य असते. मजकुराचेही आम्हांला असेच दिसते. आणि ते सातत्य यंत्र राखत नाही. जुने आणि नवे शेजारी ठेवून वाचणारा माणूस ते राखतो. तो नसला, तर ‘तोच मजकूर’ हे आपले नुसते म्हणणे राहते.

मथळा दिसतो म्हणजे असतो असे नाही

आता रचना. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांनी एकमेकांची कागदपत्रे वाचावीत म्हणून. त्यासाठीची एचटीएमएल ही खुणांची भाषा मजकुराचा कुठला भाग काय आहे, एवढेच सांगते. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. दिसणे ही वेगळी बाब. पण लोकांना पाने देखणी हवी होती आणि दिसण्यासाठीची सीएसएस ही स्वतंत्र भाषा १९९६च्या डिसेंबरात आली. ती ब्राउझरांत नीट रुजायला आणखी काही वर्षे गेली. तोवर लोकांनी कोष्टके मांडून पाने सजवली, मथळा म्हणजे नुसती मोठी ठळक अक्षरे, आणि तीही पुष्कळदा चित्र करून चिकटवलेली. मराठीत हे फार झाले, कारण चित्राला फॉन्ट लागत नाही.

आजचे मानक म्हणते, मथळ्याला मथळाच म्हणा. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल ५ ही शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. तीत मुख्य मजकूर, दिशादर्शक पट्टी, लेख, तळटीप पट्टी अशा भागांना आपापली नावे आहेत. त्यामुळे तेच पान मोठ्या पडद्यावर, मोबाइलवर, कागदावर नीट बसते.

मराठीसाठी यात तीन-चार बारीक गोष्टी आहेत. त्या इंग्रजी पुस्तकांत सहसा ठळकपणे सापडत नाहीत, म्हणून सांगून ठेवतो. पानावर भाषा मराठी असल्याची खूण करावी. ती केली, तर ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे, कारण आपल्याकडे वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतो. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेघ तुटते. आणि इंग्रजीसारखी तिरपी अक्षरे जोर देण्यासाठी वापरू नयेत. ती वाचायला त्रास होतो, आणि तशी आपल्या छपाईत रूढीही नाही.

न दिसणारा वाचक

हे सगळे एवढे सोवळे कशासाठी? असे आम्हांलाही विचारले गेले. पान दिसते ना, मग झाले!

आमचे जुने पान दिसत होते. फॉन्ट बसवलेल्या संगणकावर ते सुबकही दिसत होते. काही वर्षांपूर्वी एम.ए. करणाऱ्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने आम्हांला कळवले, की सांख्यदर्शनावरचे टिपण त्याला ऐकायचे आहे, पण संगणक काही भलतेच वाचतो. दृष्टिहीन वाचक स्क्रीनरीडर नावाचा प्रोग्राम वापरतात. तो पडद्यावरची आकृती पाहत नाही, साठवलेले वर्ण वाचतो. जिथे आम्हांला ‘प्रकृती’ दिसत होते, तिथे त्याला रोमन अक्षरांची आणि कंसांची बाराखडी ऐकू येत होती. त्याच्यापुरते ते टिपण मराठीत नव्हतेच. किंवा असे म्हणा, की तो जे ऐकत होता तेच खरे साठवलेले होते आणि आम्ही पाहत होतो तो देखावा.

मानक म्हणजे काय, ते आम्हांला या पत्राने जितके कळले तितके ग्रंथांनी कळले नव्हते. लेखक लिहितो तेव्हा समोर कोणी नसते. वाचक कुठल्या यंत्रावर वाचेल, डोळ्यांनी की कानांनी, आज की तीस वर्षांनी, काही ठाऊक नसते. अशा समोर नसलेल्या माणसाशी आधीच करून ठेवलेला करार, त्याला मानक म्हणायचे. सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. घरगुती संकेतस्थळाच्या दारात कोणी तपासनीस येणार नाही, हे खरे. पण पाहुण्याला जिना चढता येत नसेल तर आपण खुर्ची खाली नेतो, ती काही कायद्याने नेत नाही.

तेव्हा चित्रांना शब्दांत वर्णन द्यावे, मथळे ओळीने लावावेत, फिका रंग फिक्या रंगावर ठेवू नये, आणि दुव्यावर नुसते ‘इथे टिचकी मारा’ न लिहिता तो कुठे नेतो ते लिहावे. खर्च काही नाही. त्या विद्यार्थ्याने नवे टिपण ऐकले आणि दोन ठिकाणी आमच्या विवेचनाशी मतभेद कळवला. वाचक मिळाला तो असा.

पत्ता

शेवटी पत्ता. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले, की वेबवरचा चांगला पत्ता बदलत नाही. बदलतो तो माणसांच्या करणीने. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले, की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी मिळत नव्हती. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाले आणि घरगुती संकेतस्थळांची एक अख्खी पिढी बेघर झाली. काही पाने इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेमुळे वाचली. ती संस्था १९९६ पासून वेबच्या प्रती जमवते आणि २००१ पासून त्या सर्वांना पाहायला मिळतात. त्यातले जुन्या फॉन्टमधले मराठी पान उघडा, प्रत सुखरूप आहे, पण वाचता येत नाही. जपणे आणि वाचता येणे ही दोन वेगळी कामे आहेत, ते तिथे स्पष्ट दिसते.

नवे संकेतस्थळ बांधताना जुना पत्ता चालू ठेवावा आणि तिथून नव्या पानाकडे कायमचे वळण द्यावे. कोणाच्या प्रबंधाच्या तळटीपेत तो जुना पत्ता छापलेला असतो, आणि छापलेली तळटीप आपण बदलू शकत नाही. नवे पुरते उभे राहीपर्यंत जुने पाडू नये. संक्रमण शिबिरात माणसे ठेवून बांधकाम रखडले की काय होते, ते आपण पाहिलेच आहे.

१७८७ मध्ये आपल्या ठाण्यात किल्ल्याच्या परिसरात खोदताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९चे, म्हणजे इ.स. १०१७चे. ७७० वर्षे जमिनीत राहूनही ते वाचता आले. कारण तांबे टिकले आणि त्यावर कोरलेल्या अक्षरांची ओळख सांगणारा पंडितही तेव्हा मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. त्यासाठी आपण दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंतचे पुरावे गोळा केले. आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे मराठी आपल्याच घरातल्या सीडीवर न वाचता येण्याजोगे पडून आहे.

म्हणून एक विनंती करून थांबतो. तुमच्याकडे, तुमच्या वडिलांकडे, एखाद्या संस्थेच्या कपाटात जुन्या फॉन्टमधले लेखन असेल, तर मूळ फाइल पुसू नका. तिच्याबरोबर फॉन्टचे नाव आणि जमल्यास खुद्द फॉन्टही ठेवा, कारण तक्त्यावाचून रूपांतर होत नाही. एखादी छापील प्रत असेल तर ती जपा, ताडून पाहायला तीच लागेल. आणि ते लिहिणारे माणूस हयात असेल, तर आधी त्याच्याजवळ बसून वाचून घ्या. आचार्य कुठले आणि आचारी कुठले, हे सांगणारा अजून आहे तोवर काम सोपे आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.